नागपूरच्या हवेत घरच्या ब्रूडरमध्ये पिल्ले वाढवताना

कुक्कुटपालनाच्या बहुतेक पुस्तकांत ब्रूडरच्या, म्हणजे पिल्लांना कृत्रिम ऊब देणाऱ्या घेऱ्याच्या, तापमानाचा एक तक्ता असतो. पहिल्या आठवड्यात ३५ अंश सेल्सिअस, पुढे दर आठवड्याला सुमारे ३ अंश कमी, आणि पारा २१ अंशांच्या आसपास आला की कृत्रिम ऊब बंद, असा त्याचा सारांश. तक्ता चुकीचा नाही. परंतु नागपुरात तो डोळे मिटून पाळता येत नाही, कारण मे महिन्यात येथे पंखा चालू असलेल्या खोलीतही दुपारी ३८ ते ४० अंश सहज असतात आणि डिसेंबर-जानेवारीत पहाटे उघड्या पडवीत पारा १० अंशांपर्यंत, कधी त्याहूनही खाली उतरतो. याच शहरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांची आणि २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंशांची नोंद झालेली आहे. त्यामुळे ‘बल्ब किती वॅटचा लावू?’ असे कोणी विचारले की मी आधी महिना विचारतो. घरी वीस-पंचवीस पिल्ले वाढवू पाहणाऱ्याने तापमापी जरूर लावावी, पण बल्ब वर घ्यायचा की खाली, हा निर्णय पिल्लांकडे पाहून घ्यावा. पुढील सर्व मजकूर या एका गोष्टीभोवती आहे.

एका दिवसाच्या पिल्लाच्या अंगावर पिसे नसतात, फक्त लव असते, आणि पहिले दहा-बारा दिवस त्याला स्वतःच्या शरीराचे तापमान नीट राखता येत नाही. खुडूक कोंबडी असेल तर तिच्या पंखांखाली हे काम आपोआप होते. पिल्लू बाहेर येते, चार दाणे टिपते, थंडी वाजली की पुन्हा आत शिरते. आपला ब्रूडरही असाच असावा, म्हणजे त्यात एक उबदार जागा हवी आणि तिच्यापासून दूर जाण्यास मोकळी, थोडी गार जागाही हवी. संपूर्ण घेरा एकसारखा तापवणे हा नवशिक्यांचा सर्वात सामान्य दोष आहे.

घेरा आणि जागा

माझी पहिली खेप जानेवारीतली होती. मानेवाड्याच्या घरी एका चौकोनी खोक्यात तीस पिल्ले ठेवली होती आणि वर साठ वॅटचा एकच बल्ब होता. पहाटे वीज गेली आणि ती दोन तास आली नाही. सकाळी पाहिले तेव्हा सगळी पिल्ले एका कोपऱ्यात एकावर एक चढलेली होती आणि तळाशी सात मेलेली होती. ती थेट गारठून गेली नव्हती, इतरांच्या वजनाखाली गुदमरली होती. वरची तेवीस धडधाकट होती. त्या दिवसापासून मी कोपरा असलेल्या खोक्यात पिल्ले ठेवलेली नाहीत आणि एकाच बल्बवर रात्र सोडलेली नाही.

घेरा गोल असावा. दीड फूट उंचीचा बांबूचा तट्टा, पत्र्याची पट्टी किंवा जाड पुठ्ठा गोल वळवून टोके तारेने बांधली की काम होते. पंचवीस पिल्लांसाठी चार फूट व्यासाचा घेरा करावा. त्यात प्रत्येक पिल्लास अर्धा चौरस फूट जागा मिळते आणि ती पहिल्या दोन-तीन आठवड्यांना पुरते. पुढे प्रत्येकी एक चौरस फूट लागते, तेव्हा तट्ट्याला दुसरा तुकडा जोडून घेरा वाढवावा. वरून लहान छिद्रांची जाळी हवीच. मांजर आणि मुंगूस यांची भीती सर्वांच्या लक्षात असते, परंतु शहराच्या वस्तीत घुशी आणि उंदीर यांनी नेलेली पिल्ले त्याहून कमी नसतात, आणि उन्हाळ्यात खाद्याच्या वासाने लाल मुंग्या रात्रीतून घेऱ्यात शिरतात. खोलीच्या भिंतीलगतची बिळे पिल्ले आणण्यापूर्वीच बुजवून घ्यावीत.

गादीसाठी भाताचा तूस उत्तम. मौदा, रामटेक आणि पुढे भंडारा-गोंदियाचा सगळा पट्टा धानाचा असल्यामुळे आपल्याकडे तूस मिळण्यास अडचण नाही. राइस मिलवरून चुंगडीभर (पोतेभर) आणला की एका खेपेला पुरतो. तो दोन इंच जाडीचा पसरावा, मात्र त्याआधी दोन दिवस कडक उन्हात वाळवावा. पावसाळ्यात साठवलेल्या तुसाला बुरशी धरते, ती डोळ्यांना दिसतेच असे नाही, आणि तिचे कण श्वासातून गेल्यास पिल्लांच्या फुप्फुसांना संसर्ग होतो. अशी पिल्ले चोच उघडी ठेवून, मान ताणून श्वास घेतात आणि त्यांना वाचवणे फार कठीण असते. तूस मुठीत घेऊन हुंगावा. कुबट वास आला तर तो बागेत टाकावा, ब्रूडरमध्ये नाही.

पहिले तीन-चार दिवस पिल्लांना तूस आणि खाद्य यांतला फरक कळत नाही, म्हणून तुसावर कागद अंथरतात. येथे एक काळजी घ्यावी. वर्तमानपत्राचा गुळगुळीत कागद सपाट अंथरला तर पिल्लांचे पाय दोन्ही बाजूंना घसरतात आणि काही पिल्लांचे पाय कायमचे फाकतात. कागद हाताने चुरगाळून मग पसरावा, किंवा खोक्याचा पन्हळी पुठ्ठा वरचा थर सोलून खडबडीत बाजू वर करून ठेवावा. चौथ्या-पाचव्या दिवशी तो काढून टाकावा.

ऊब

एलईडी दिव्याने उजेड पडतो, ऊब मिळत नाही. येथे जुना तारेचा पिवळा बल्बच लागतो. पंचवीस पिल्लांना साठ वॅटचे दोन बल्ब सर्वसाधारण हवेत पुरतात. कडाक्याच्या थंडीत एक साठचा आणि एक शंभरचा लावावा. शंभरचा एकच लावण्यापेक्षा दोन बल्ब लावणे केव्हाही चांगले, कारण एकाची तार रात्री तुटली तरी दुसरा सकाळपर्यंत धीर देतो. बल्बांवर एखादे लोखंडी घमेले उलटे टांगावे म्हणजे ऊब वर उडून न जाता खाली परतते. घमेले साखळीने किंवा जाड तारेने टांगावे. विजेच्या वायरवर त्याचा भार कधीही देऊ नये. वेताच्या टोपलीत बल्ब लावण्याची पद्धत मी पाहिलेली आहे आणि ती धोक्याची आहे, कारण तापलेला बल्ब वाळलेल्या वेताला किंवा खाली पडून तुसाला लागला तर खोली पेट घेऊ शकते. बल्बची काच तुसापासून किमान एक ते दीड फूट वर असावी.

पिल्ले येण्याच्या आदल्या दिवशीच बल्ब सुरू करावेत, म्हणजे वरची हवा तापते तशी खालची गादीही तापते. गार गादीवर सोडलेले पिल्लू पायांतून गारठते, मग वरचा बल्ब कितीही प्रखर असो. तापमापी घेऱ्याच्या मध्यभागी बल्बखाली न टांगता घमेल्याच्या कडेशी, पिल्लाच्या पाठीच्या उंचीला, म्हणजे गादीपासून सुमारे दोन इंचांवर ठेवावी.

आता पिल्लांकडे पाहावे. ब्रूडरपाशी जाताना पाय न वाजवता जावे आणि दोन मिनिटे नुसते उभे राहावे. पिल्ले बल्बखाली दाटीने गोळा होऊन तीक्ष्ण, सलग आवाज काढत असतील तर त्यांना थंडी वाजत आहे. बल्ब दोन इंच खाली घ्यावा. ती बल्बापासून पळून तट्ट्याला चिकटून बसली असतील, पंख अंगापासून सुटे धरून चोच उघडून धापा टाकत असतील, तर ऊब जास्त झाली आहे. सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर दुसऱ्या बाजूने वाऱ्याची झोत येत आहे, मग दाराची फट शोधावी. आणि काही खात आहेत, काही पाण्यावर आहेत, चार-सहा मान टाकून झोपली आहेत, मधूनच हळू चिवचिव ऐकू येते, असे दृश्य असेल तर तापमापी काही सांगो, कशालाही हात लावू नये. मान टाकून, पाय मागे पसरून झोपलेले पिल्लू पाहून नवा माणूस घाबरतो. ते मेलेले नसते, ते सुखाने झोपलेले असते.

ही पाहणी दिवसातून तीनदा करावी आणि त्यांपैकी एक पहाटे तीन-चारच्या सुमारास करावी, कारण थंडीचा खरा जोर तेव्हा असतो आणि रात्री दहाला ठीक दिसलेला ब्रूडर त्या वेळी ठीक असेलच असे नाही. किमान पहिले पाच दिवस घड्याळात गजर लावून उठावे. यात कंटाळा करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

वीज गेल्यास काय करायचे, याची तयारी आधीच असावी. दोन-तीन बाटल्यांत गरम पाणी भरून, बुच घट्ट लावून, त्या जुन्या फडक्यात गुंडाळून घेऱ्यात ठेवल्या आणि वर गोधडी टाकून हवेपुरती फट ठेवली की दीड-दोन तास निभावतात. पाणी निवले की बदलावे. कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीही ठेवू नये. तिच्या विषारी वायूने पिल्ले तर मरतातच, त्या खोलीत झोपलेल्या माणसांच्या जिवालाही धोका असतो. पहिल्या दोन-तीन दिवसांनंतर रोज रात्री थोडा वेळ, आपण समोर असताना, दिवा बंद करून पिल्लांना अंधाराची सवय लावावी, म्हणजे अचानक वीज गेल्यावर ती बिथरून एकमेकांवर चढत नाहीत.

पहिला दिवस

हॅचरीच्या, म्हणजे पिल्ले उबवून विकणाऱ्या केंद्राच्या, शंभराच्या खोक्यात पंचवीस-पंचवीसचे चार कप्पे असतात. पिल्ले निवडण्याची मुभा असेल तर तीन गोष्टी पाहाव्यात. बेंबी पूर्ण मिटलेली आणि कोरडी असावी, डोळे टपोरे असावेत, आणि पायांची कातडी तुकतुकीत, भरलेली दिसावी. पाय सुकून शिरा दिसत असतील तर पिल्लू प्रवासात किंवा उबवणी यंत्रात फार वेळ राहून त्याच्या अंगातील पाणी कमी झालेले आहे. अंड्यातील बलकाचा शिल्लक भाग पोटात असल्यामुळे पिल्लू दोन-तीन दिवस अन्नपाण्यावाचून तग धरते, प्रवास शक्य होतो तो त्यामुळेच. पण तग धरते म्हणून उपाशी ठेवावे असा त्याचा अर्थ नाही. उन्हाळ्यात ती पहाटे आणावीत. दुपारी बंद गाडीत ठेवलेले खोके अर्ध्या तासात भट्टी होते.

घरी आल्यावर आधी पाणी, मग खाद्य. लिटरभर कोमट पाण्यात दोन-तीन चमचे गूळ विरघळवून गाळून घ्यावा आणि ते पाणी पहिल्या काही तासांपुरतेच द्यावे. नंतर साधे, स्वच्छ पाणी. प्रत्येक पिल्लू हातात घेऊन, तर्जनीने मान हळू वाकवून, चोचीचे फक्त टोक पाण्यात बुडवावे, नाकपुड्या बुडू देऊ नयेत. पिल्लू क्षणभर थांबते, मग मान वर करून थेंब घशात उतरवते, आणि दुसऱ्यांदा बहुधा स्वतःच वाकते. तसे झाले की त्याला घमेल्याच्या कडेला सोडावे. पंचवीस पिल्लांना यासाठी पंधरा-वीस मिनिटे लागतात. तीन-चार पिल्ले शिकली की बाकीची त्यांचे पाहून शिकतात हे खरे, तरी एकही पिल्लू वगळू नये.

दोन तासांनी मक्याचा बारीक भरडा कागदावर शिंपडावा. इतवारीत धान्याच्या दुकानांत तो मिळतो. फक्त वास घेऊन घ्यावा, कारण कुबट मक्यातील बुरशीचे विष पिल्लांच्या यकृतावर परिणाम करते. कागदावर बोटाने टकटक केले की पिल्ले आवाजाकडे येऊन टिपू लागतात. कोंबडी चोचीने जमिनीवर हेच करते. संध्याकाळी प्रत्येकाच्या गळ्याखालची अन्नाची पिशवी बोटांनी हळूच चाचपावी. ती भरलेली आणि मऊ लागली तर पिल्लू खाऊन-पिऊन आहे. रिकामी लागली तर ते पिल्लू वेगळे काढून पुन्हा पाजावे, पुन्हा दाण्याशी न्यावे. पहिल्या आठवड्यातील मरतुकीचा मोठा भाग असा, न खाल्लेल्या पिल्लांचा असतो.

खाद्य, पाणी, स्वच्छता

दुसऱ्या दिवसापासून चिक स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचे तयार खाद्य, द्यावे. त्यात २० ते २२ टक्के प्रथिने असतात आणि पिल्लांच्या वाढीला ती लागतात. नुसता तांदळाचा चुरा आणि घरचे उरलेले अन्न यांवर ती जगतात, पण पिसे उशिरा फुटतात आणि पाय अशक्त राहतात. अंडी देणाऱ्या मोठ्या कोंबड्यांचे लेअर खाद्य पिल्लांना देऊ नये, त्यातील कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही. पहिल्या आठवड्यात एक पिल्लू दिवसाला साधारण दहा ग्रॅम खाते. भांड्यात खाद्य अर्ध्यापेक्षा जास्त भरू नये, नाहीतर ते पायांनी उधळले जाते.

पाण्याची भांडी दोन असावीत आणि ती उथळ असावीत. खोल बशी वापरायची वेळ आली तर तिच्यात स्वच्छ खडे टाकावेत, कारण दोन दिवसांचे पिल्लू इंचभर पाण्यातही बुडते. भांडे विटेच्या तुकड्यावर पिल्लाच्या पाठीच्या उंचीला ठेवले की त्यात तूस आणि विष्ठा पडत नाही; पिल्ले वाढतील तशी उंची वाढवावी. रोज सकाळी भांडी घासावीत, नुसती विसळू नयेत. भांड्याभोवतीचा ओला तूस त्याच वेळी उचलून कोरडा टाकावा, आणि उरलेली गादी दोन दिवसांआड हाताने खालीवर करावी. घेऱ्यावर वाकल्यावर नाकाला झोंबणारा वास आला तर गादी ओली झालेली आहे असे समजावे. आपल्याला झोंबतो तो वायू पिल्लांच्या डोळ्यांना आणि श्वासनलिकेला त्याहून अधिक झोंबत असतो.

काही पिल्लांच्या गुदद्वाराशी विष्ठा चिकटून वाळते आणि वाट बंद होते. कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाने ती भिजवून, सुटू लागल्यावरच काढावी. कोरडी ओढल्यास कातडी सोलते. पुसून, बल्बखाली सुकवून मगच पिल्लू इतरांत सोडावे. पिल्ले हाताळल्यावर प्रत्येक वेळी साबणाने हात धुवावेत. लहान मुलांना त्यांचा लळा लागतो आणि ती त्यांना गालाशी धरतात, तेव्हा त्यांच्या हातांकडे विशेष लक्ष द्यावे, कारण निरोगी दिसणाऱ्या पिल्लांच्या विष्ठेतूनही साल्मोनेलासारखे जंतू माणसाच्या पोटात जाऊ शकतात.

लसी आणि दोन आजार

मॅरेक्स या विषाणुजन्य रोगाची लस पहिल्या दिवशी हॅचरीतच टोचतात. ती टोचली आहे का, हे घेतानाच विचारावे. त्यानंतर पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा, डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब. चौदाव्या दिवसाच्या सुमारास गंबोरो रोगाची लस. चौथ्या आठवड्यात लासोटाची दुसरी मात्रा. पुढे सहाव्या आठवड्यात देवीची आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बी (राणीखेतचीच पुढची लस), ही साधारण पद्धत आहे. लासोटा ही राणीखेतची, म्हणजे खेड्यापाड्यांत जिला मानमोडी म्हणतात त्या रोगाची लस. हा रोग आल्यावर त्यावर औषध नाही, आणि दाराशी फिरणाऱ्या चार कोंबड्यांनाही तो होतो, त्यामुळे ‘माझी थोडीच तर आहेत’ म्हणून ही लस टाळू नये. एका कुपीत शंभर किंवा त्याहून अधिक मात्रा असतात. शेजारीपाजारी कोणी कोंबड्या पाळत असेल तर एकच दिवस ठरवून कुपी वाटून घ्यावी. लस २ ते ८ अंशांत टिकते. दुकानातून ती बर्फ घातलेल्या थर्मासमध्येच आणावी, संध्याकाळी गारव्यात द्यावी आणि एकदा विरघळवलेली लस तासाभरात संपवावी, उरलेली दुसऱ्या दिवशी वापरू नये. थेंब डोळ्यात टाकल्यावर पिल्लू पापणी मिटून उघडेपर्यंत धरून ठेवावे. आजारी पिल्लाला लस देऊ नये. काही शंका असल्यास जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे. शिवाय सेमिनरी हिल्सचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासून आपल्याच शहरात आहे.

तिसऱ्या आठवड्यानंतर, विशेषतः जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत, रक्ती हगवणीवर लक्ष ठेवावे. विष्ठेत रक्त दिसते, पिल्लू पिसे फुलवून, पाठ वाकवून एका जागी उभे राहते. औषध आहे आणि ते लवकर दिल्यास लागू पडते, पण मात्रा पशुवैद्याकडूनच घ्यावी. रोगाचे मूळ ओल्या गादीत असते, म्हणून औषधाबरोबर गादीही बदलावी लागते.

उन्हाळ्याची खेप

शक्य असल्यास मार्चअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत पहिली खेप आणू नये. ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी हा काळ नवशिक्यास सोपा जातो. आणायचीच असतील तर दिवसा बल्ब बंद ठेवण्यास कचरू नये. खोलीतच ३८ अंश असताना तक्त्याच्या भरवशावर बल्ब चालू ठेवणे म्हणजे पिल्ले भाजणे आहे. पहिल्या आठवड्यात रात्री उशिरा आणि पहाटे एखादा बल्ब लागतो, तोही पिल्ले गोळा होताना दिसली तरच. कूलरची ओली झोत घेऱ्यावर थेट येऊ देऊ नये. तो शेजारच्या खोलीत चालू ठेवून मधले दार उघडे ठेवावे. टिनाच्या छपराखाली ब्रूडर असल्यास छपरावर तणस पसरून दुपारी पाणी शिंपडावे. पाणी मातीच्या भांड्यात भरून तीन-चार वेळा बदलावे, कारण तापलेले पाणी पिल्ले पीत नाहीत आणि पाणी कमी झाले की खाणेही थांबते.

ब्रूडरमधून बाहेर

हिवाळ्यात ऊब चार ते पाच आठवडे लागते, उन्हाळ्यात दोन आठवड्यांतच तिची गरज संपते. एकदम बंद न करता आधी दिवसा, मग रात्रीच्या पहिल्या प्रहरात, आणि शेवटी पहाटेची बंद करावी. पाठीवर आणि मानेवर खरी पिसे पूर्ण आली आहेत का, हे पाहून मगच पिल्ले खुराड्यात न्यावीत. ती सकाळी न्यावीत, म्हणजे दाणा-पाण्याची जागा उजेडात कळते आणि अंधार पडेपर्यंत ती रुळतात. पहिल्या रात्री ती दांडीवर न चढता सवयीने एका कोपऱ्यात दाटी करतात. तो कोपरा आधीच तुसाची चुंगडी ठेवून गोल करून घ्यावा आणि झोपण्यापूर्वी कंदील घेऊन एकदा जाऊन, तळाशी कोणी दबलेले नाही ना, हे हाताने चाचपून पाहावे.